भाऊ, वळसा का नाही घातलात?

भाऊ, तुमच्यावर दोन पानं लिहून द्या म्हणून मंडळाची माणसं माझ्या मागं लागलीत. तुमची पेटी विमानात चढून नऊ दिवस झाले. इथं बहारीनला, गुदैबियाच्या हॉलवर शोकसभा झाली, तिथं झाडून सगळे बोलले, मी तेवढी गप्प राहिले. "ताई, तुम्ही सात वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, तुम्ही नाही लिहायचं तर कुणी लिहायचं?" खरंय. मीच लिहायला पाहिजे. पण मी जे लिहिणार आहे ते स्मरणिकेत छापायच्या लायकीचं नाही, आणि तुम्हाला ऐकायला आवडेल असंही नाही. न आवडू दे. मधेच उठून जाता येणार नाही तुम्हाला, एवढी एक सोय झालीय.

शोकसभेत एकानं म्हटलं, "भाऊंनी आयुष्यात कधी वळसा घेतला नाही." मग दुसऱ्यानं तेच म्हटलं, मग ते पालुपदच झालं. समोर तुमचा फोटो, पांढरी फुलं, मेणबत्त्या, आणि कोपऱ्यात ए.सी.चं पाणी बादलीत ठिबकतंय. मी दातओठ खात बसले होते. कारण मागच्या रांगेत मर्ली बसली होती. चपला बाहेर काढून, हात जोडून, बुद्धवंदनेतलं अक्षर कळत नसताना मान खाली घालून. मर्ली म्हणजे आपल्या ऑफिसातली टायपिस्ट, फिलिपिन्सची. तिचा भाऊ ज्या रस्त्यावर मेला तो तुम्ही आखला होता आणि मी शाईनं काढला होता. तो रस्ता तिथनं नेऊ नये हे मला आधी माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं. मर्लीला मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि ती तुमच्यासाठी हात जोडून बसली होती.

घरी आल्यावर मी भांडी आपटत होते तर आमची लेक म्हणाली, "आई, व्हाय आर यू सो अँग्री? ही इज डेड." मी म्हटलं, म्हणूनच. जिवंत असते तर जाऊन भांडले असते.

आधी तुमचं चांगलं सांगून टाकते, म्हणजे कुणी म्हणायला नको की सुनंदा कृतघ्न निघाली. मिरजेच्या आयटीआयचं ड्राफ्ट्समनचं सर्टिफिकेट ट्रंकेत ठेवून मी बहारीनला आले ती नवऱ्याच्या मागनं. ते हिद्दच्या बाजूला जहाज दुरुस्तीच्या गोदीत वेल्डर, मी फ्लॅटमध्ये भिंती बघत बसलेली. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात वहिनींनी तुमच्या कानावर घातलं, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमच्या ऑफिसात नेऊन ड्रॉइंगबोर्डासमोर उभं केलंत. व्हिसाच्या कागदांसाठी तुम्ही किती खेटे घातलेत ते मला फार उशिरा कळलं. डोंगराचे नकाशे मला वाचता येत नव्हते. त्या सगळ्या गोल गोल रेघा बघून मला गरगरायचं. तुम्ही एका शुक्रवारी वहिनींची मळलेली कणीक परातीतनं उचललीत, तिचा डोंगर केलात, आणि दोऱ्यानं त्याच्या आडव्या चकत्या कापल्यात. "ही एकेक चकती म्हणजे एकेक रेघ. रेघा जवळ आल्या की समजायचं चढ उभा. आता पाणी ओत, बघ कुठनं पळतंय." वहिनी ओरडल्या, एवढ्या कणकेचं वाटोळं केलं म्हणून. त्याच कणकेच्या चपात्या आपण दुपारी खाल्ल्या. त्या दिवसापासनं नकाशा बघितला की मला पाणी कुठनं पळेल ते आधी दिसतं. तुम्हीच शिकवलंत, आणि नेमकं तेच मी तुम्हाला दाखवायला आले तेव्हा तुम्ही तोंड फिरवलंत.

तुम्ही उपकार कधी बोलून दाखवले नाहीत. तेच वाईट केलंत. बोलून दाखवले असते तर मी फटकन तोंड उघडलं असतं.

दरवर्षी चौदा एप्रिलला तुम्ही एकच गोष्ट सांगायचात, मला तोंडपाठ आहे. तुमचं गाव साताऱ्याकडचं. आपली वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, मोठा रस्ता गावाच्या वरच्या अंगाला. गावातनं गेलं तर पाच मिनिटं. पण आपल्या माणसांनी गावातनं जायचं नाही, वेशीबाहेरनं, ओढ्याच्या काठाकाठानं फिरून जायचं. तुमच्या वडलांना ताप चढला, बाजेवर घालून चौघं निघाले, घाईत वेशीतनं आत शिरले तर तिथं काठ्या घेऊन माणसं उभी. परत फिरले. वळसा घालून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत वडील गेले होते. तुम्ही बाजेचा खूर धरून चालत होता, सात वर्षांचे. इथं तुम्ही थांबायचात, चष्मा पुसायचात आणि म्हणायचात, "म्हणून मी रोड इंजिनिअर झालो. ज्याला वळसा घालायला लावतात तो खालचा. मी कुणालाही वळसा घालायला लावणार नाही." मी दरवर्षी रडलेय, खोटं कशाला बोलू?

मग ते काम आलं. कुवेतची लढाई होऊन गेल्यावर ऑफिसात कामं आटली होती, तेव्हा लंडनच्या हेड ऑफिसनं फिलिपिन्समधलं एक काम आपल्याकडं ढकललं. तिथं ज्वालामुखी फुटून गावंच्या गावं राखेखाली गेली होती. माणसांना उचलून एका माळावर नवी वसाहत बांधून दिली होती, आणि त्या वसाहतीला जायला-यायला धड रस्ता नव्हता. बाजार, दवाखाना, शाळा सगळं नदीच्या पल्याड. योगायोग असा की मर्लीची आई आणि भाऊ त्याच वसाहतीत. मर्ली रोज चहा घेऊन माझ्या बोर्डापाशी यायची, "सुनंदा, व्हेअर इज मदर्स हाउस?" मी बोटानं दाखवायची. ती त्या ठिपक्याकडं बघत उभी राहायची.

दोन रेघा होत्या. लाल रेघ सरळ, वसाहतीतनं निघून नदीचं पात्र ओलांडून थेट बाजारात. तीन किलोमीटर. निळी रेघ वरच्या अंगानं, डोंगराच्या सोंडेवरनं, नदी जिथं खडकात अरुंद झालीय तिथं पुलावरनं पलीकडं आणि मग खाली. चौदा किलोमीटर.

तुम्ही निळ्या रेघेकडं बघितलंसुद्धा नाहीत. "आधी घरं गेली बिचाऱ्यांची, आता बाजाराला जायला चौदा किलोमीटर फिरवायचं? हे काय, माळावर टाकलेली माणसं म्हणून?" आणि वाळवंटात कोरड्या ओढ्यातनं रस्ता नेतात त्याचं आपल्या कपाटातलं तयार ड्रॉइंग काढून माझ्यासमोर ठेवलंत. पात्रात खाली उतरणारा काँक्रीटचा पट्टा. पाणी आलं की त्याच्यावरनं जाऊ द्यायचं, ओसरलं की रस्ता चालू. सौदीच्या कामात चार ठिकाणी वापरलं होतं तुम्ही ते.

मी तीन दिवस पात्राच्या लेव्हल्स, म्हणजे तळाच्या उंच्या, कागदावर मांडल्या. दोन पावसाळ्यांची मोजमापं होती हातात. पात्राचा तळ दर पावसाळ्याला वर येत होता, कारण डोंगरावरची राख पावसानं सुटून चिखल होऊन खाली येत होती. मी मर्लीला विचारलं, कसा असतो गं तो चिखल? ती म्हणाली, ओल्या काँक्रीटसारखा, गरम, आणि गावात पावसाचा थेंब नसतानाही येतो. डोंगरावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाच येतो. मी उठून तुमच्या केबिनमध्ये आले.

"भाऊ, हे पाणी नव्हे. हा रस्ता तिथनं नको."

"ओढा बघितला नाहीस का कधी? पूर आला की माणसं काठावर थांबतात. ही पण थांबतील."

"आपल्या ओढ्याचा आवाज येतो आधी. हे तसलं नाही. मर्ली सांगती, वर पाऊस असतो आणि इथं ऊन असतं."

"भोंगा देतोय की आपण. वर माणूस बसवायचा, चिखल दिसला की भोंगा."

"आणि माणूस जेवायला गेला तर?"

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "सुनंदा, तू रस्ता कुठनंही ने. माणसं तिथनंच जाणार. डोक्यावर टोपली घेतलेली बाई चौदा किलोमीटर फिरून जाईल का? ती पात्रातनंच उतरणार. मग तिला दगडधोंड्यातनं उतरवायचं, का पायाखाली काँक्रीट द्यायचं?"

त्या टोपलीवाल्या बाईला मी निळ्या रेघेवरनं चालवू शकत नव्हते. आजही पुरतं जमत नाही. पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. "वळसा म्हणजे काय ते तुला माहीत नाही, तू मिरजेत वाढलीस," असं म्हणालात. भाऊ, ते तुम्ही बोलायला नको होतं. माझी आजी कुणाच्या दारातनं किती लांब उभी राहायची ते मलाही माहीत आहे. तुम्हाला काय वाटलं, अपमानाचा सातबारा फक्त तुमच्याच नावावर आहे?

"खलास," म्हणालात तुम्ही. वाद संपवायचा तुमचा हा शब्द. अरबाकडनं घेतला आणि आमच्यावर वापरलात.

आता त्या मीटिंगचं सांगते. टेबलावर दोन्ही रेघा पसरलेल्या. इंग्रज मॅनेजर, तुम्ही, पुण्याचे लेले, आणि ड्रॉइंगं उलगडायला मी. लेले निळ्या रेघेच्या बाजूचे. अगदी बरोबर बोलत होते, माझ्याच लेव्हल्स वाचून दाखवत होते. पण बोलताना ओठाच्या कोपऱ्यात ते त्यांचं हसू. "विथ ड्यू रिस्पेक्ट, धिस इज सेंटिमेंट, नॉट इंजिनिअरिंग." तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. तेच लेले तुमची बदली डिझाइन सेक्शनला झाली तेव्हा चहाच्या टेबलावर काय बोलले होते ते मी ऐकलं होतं. कोट्यातली डिग्री, म्हणाले होते. तुमच्यापर्यंत ते मी कधी येऊ दिलं नाही.

मॅनेजरनं माझ्याकडं वळून विचारलं, "सुनंदा, यू प्लॉटेड द लेव्हल्स. एनी कन्सर्न?"

भाऊ, त्या टेबलावर आपला माणूस एकच होता. चारचौघांत, आणि त्या हसणाऱ्या माणसासमोर, मी आपल्या माणसाला खाली बघायला लावायचं? तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत. तुम्हाला खात्रीच होती. आणि तुमची खात्री बरोबर निघाली.

"नो, सर," म्हणाले मी.

दोन शब्द. आपल्यात म्हणतातच ना, घरातलं भांडण चव्हाट्यावर नेऊ नये. नेलं नाही. घरातलं भांडण घरात राहिलं आणि तो रस्ता नदीत गेला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत तुमची सही 'डिझाइन्ड बाय'खाली, माझी आद्याक्षरं 'ड्रॉन बाय'खाली. मर्लीनं तुमच्या नावानं कव्हरिंग लेटर टाइप केलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात केक आणला, तिच्या आईला आता बाजार जवळ म्हणून. मी दोन तुकडे खाल्ले.

रस्ता झाला. मर्लीच्या भावानं फोटो पाठवला. तिकडं मोटरसायकलला बाजूनं पाळणा जोडून रिक्षा करतात, ती त्यानं घेतली होती. पात्राच्या मधोमध आपल्या काँक्रीटच्या पट्ट्यावर रिक्षा उभी करून, कमरेवर हात ठेवून, दात काढून हसतोय. रिक्षाच्या कपाळावर आईचं नाव रंगवलेलं. मर्लीनं तो फोटो तुम्हाला दिला. तुम्ही टेबलामागच्या भिंतीवर लावलात. कुणी साइटवरचं आलं की बोट करून दाखवायचात, "बघा, माझा रस्ता." मला तेव्हा वाटलं, असंल बाई, आपणच खुळ्या. सगळं बरोबरच झालं असंल.

एक पावसाळा नीट गेला. दुसऱ्यात मर्लीचा भाऊ गेला.

ऊन होतं म्हणे. सकाळचा बाजार. भोंगा वाजला का नाही यावर तिकडं अजून दोन मतं आहेत. तो दोन बायकांना पल्याड सोडून रिकामा परत येत होता, तेवढ्यात वरनं चिखल आला. मर्लीला फोन ऑफिसातच आला. तिनं टाइपरायटरवर झाकण घातलं, पर्स घेतली, आणि दारात खाली बसली. तिला उठवायला मी आणि तुम्ही दोघं धावलो. आणि तिचा हात हातात घेऊन तुम्ही काय म्हणालात, आठवतंय का? "नेचर, मर्ली. नोबडी कॅन फाइट नेचर."

भाऊ, मी सगळं गिळलं असतं. चूक गिळली असती, हट्ट गिळला असता. हे नाही गिळता आलं. तीस वर्षं माइकसमोर उभं राहून तुम्ही सांगितलंत, माझा बाप तापानं मेला नाही, वळशानं मेला, माणसांनी मारला. कुणी 'नशीब' म्हटलं तर अंगावर जायचात. आणि तिच्या भावाची वेळ आली तर निसर्ग? तुमच्या बापाला माणसांनी मारलं आणि तिच्या भावाला पावसानं? एवढी सोपी वाटणी? तुमच्या बापाच्या वळशाची भरपाई तुम्ही त्या पोरीच्या घरातनं करून घेतलीत. कडक वाटतंय ना? वाटू दे. शोकसभेत गोड खूप झालंय.

आणि तो फोटो तुम्ही भिंतीवरनं काढला नाहीत. मर्ली रजेवरनं परत आली, रोज डाक घेऊन तुमच्या केबिनमध्ये यायची, आणि तिचा भाऊ तुमच्या डोक्यावर कमरेवर हात ठेवून हसत असायचा. निगरगट्ट माणूस, म्हटलं मी मनात. नवऱ्याला पण म्हटलं. ते म्हणाले, जाऊ दे, मोठा माणूस आहे. सगळे हेच म्हणतात. मोठा माणूस आहे.

त्यानंतर वर्षभर आपण कामापुरतं बोललो. तुम्ही मंडळात यायचात, मी दुसऱ्या टोकाला बसायची. एकदा मला ताप होता तर वहिनींबरोबर पेजेचा डबा पाठवलात. मी डबा धुऊन परत दिला, निरोप काही दिला नाही. तुम्ही बारीक होत चाललेलात ते दिसत होतं. मी बघत नव्हते असं दाखवत होते.

मग फिलिपिन्सकडनं पत्र आलं. चिखलानं गाडलेला रस्ता नव्यानं करायचा. तुम्ही मला बोलावलंत. टेबलावर पुन्हा लालच रेघ. या वेळी पात्रावर उंच पूल. मी म्हटलं, "तळ दरसाल वर येतोय. पूल किती उंच बांधणार? डोंगराएवढा?" तुम्ही म्हणालात, "काढून तर बघ." मी पेन तुमच्या टेबलावर ठेवलं.

"तुमच्या हातानं काढा. माझ्या हातानं ही रेघ परत निघायची नाही. भाऊ, आता तरी वळसा घाला."

या वेळी तुम्ही 'खलास' म्हणाला नाहीत. नकाशावर हात पालथा ठेवून बसलात, लाल रेघेच्या बरोबर वर, आणि मग म्हणालात, "बाजेचा खूर अजून हातात आहे गं माझ्या." मी ऐकलं आणि बाहेर आले. दार जरा जोरातच लागलं. त्या आठवड्यात शनिवारी तुम्ही ऑफिसच्या जिन्यात बसलात, छाती धरून. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. म्हणजे आपलं शेवटचं बोलणं ते. मी उत्तर न देता दार आपटून बाहेर आले ते. याबद्दल मी माफी मागणार नाही. पण रोज तोंड धुताना ते दार माझ्या कानात वाजतं, हे तुम्हाला कळू दे.

आता शोकसभेनंतरचं सांगते, कारण ते तुम्हाला कुणी सांगणार नाही.

हॉलच्या जिन्यात मर्ली चपला घालत होती. बाहेर इतका दमट उकाडा की रेलिंगला हात लावला तर ओला. ती म्हणाली, "ही वॉज अ गुड मॅन, सुनंदा." मी "हो" म्हणून मोकळी होऊ शकले असते. वर्षभर तेच केलं होतं. पण आत सगळे तुमच्या सरळ रस्त्याचे गोडवे गात होते आणि माझ्यानं राहवलं नाही. मी तिला तिथंच पायरीवर बसवलं आणि सांगितलं. हिंदीत, इंग्लिशमध्ये, जसं येईल तसं. रेघा दोन होत्या. तुझ्याकडनं चिखलाची माहिती घेऊन मी सरांना सांगितलं होतं. त्यांना माहीत होतं. मीटिंगमध्ये मला विचारलं. मी 'नो, सर' म्हणाले.

तिनं एकच विचारलं. "व्हाय?"

काय सांगणार होते मी तिला? आमच्यात एक गाव असतं, त्याला वेस असते, वेशीवर माणसं काठ्या घेऊन उभी असतात, आणि ती माणसं बहारीनच्या ऑफिसातही टेबलाच्या पल्याड बसलेली मला दिसतात, म्हणून मी माझ्या माणसाची बाजू सोडली नाही? तिच्या भावाचा आणि या सगळ्याचा काय संबंध? मी म्हटलं, "ही वॉज माय पीपल."

मर्लीनं दुसरी चप्पल घातली. "अँड माय ब्रदर?" म्हणाली, आणि जिना उतरून गेली. रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती माझ्याशी बोलली नाही. तुमची केबिन रिकामी करायचं काम तिच्याकडं होतं. फायली, पट्ट्या, चष्म्याचं घर, सगळं खोक्यात भरून वहिनींच्या पत्त्यावर पाठवायचं. दुपारी ती माझ्या बोर्डापाशी आली. हातात तो फोटो. चहा नव्हता. माझ्या समोरच्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या रेषेत, तिनं तो चारी कोपऱ्यांना टेप लावून चिकटवला. टेपवरनं अंगठा दोनदा फिरवला. आणि नवं काम कुठवर आलंय ते बघायला खाली वाकली.

बोर्डावर निळी रेघ होती. तुमच्यामागं मॅनेजरनं ती मंजूर केलीय. सोंडेवरनं, खडकातल्या पुलावरनं, चौदा किलोमीटर.

"माय मदर विल नॉट गो धिस वे," ती म्हणाली. "टू लाँग. शी वॉक्स इन द रिव्हर. एव्हरीबडी वॉक्स. इव्हन नाउ."

बघा भाऊ. जिंकलात. मेल्यावरसुद्धा वाद जिंकलात. ज्या नदीनं पोरगा खाल्ला त्याच नदीतनं म्हातारी रोज बाजाराला जाते, कारण तीन किलोमीटर ते तीन किलोमीटर. तुम्ही म्हणाला होता तस्संच. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली रागानं. हे बरोबर कळणारा माणूस ते चूक कसं करू शकतो? आणि आता मी कुणाला विचारू? लेलेंना?

मी तिला खुर्ची दिली. म्हटलं, आई कुठनं उतरते, कुठं दम खाते, कुठं वर चढते, दाखव. ती बसली. माझ्याकडं न बघता तिनं बोटानं वाट दाखवली, दगडाबिगडासकट. त्या वाटेवर मी रस्ता काढलेला नाही, गाडीनं वळसाच घालायचा. पण पायी उतरणाऱ्यांसाठी पात्रात ठराविक अंतरावर उंच चौथरे काढलेत, पायऱ्या असलेले. चिखल आला तर म्हातारीला चढून उभं राहता येईल असे. किती अंतरावर, ते मर्लीच्या आईच्या चालीनं मोजलंय. किती उंच, ते मला येत नाही. तुम्हाला आलं असतं. तळ दरसाल वर येणार, त्याचा हिशेब धरून उंची काढणं तुमचं काम होतं, आणि तुम्ही ते माझ्या तोंडावर फेकून, जिन्यात बसून निघून गेलात. मी तो आकडा तीनदा काढलाय आणि तीनदा वेगळा आलाय. चौथ्यांदा काढतेय.

मर्ली रोज सकाळी येते. फोटोला गुड मॉर्निंग म्हणते, मला नाही. मग चौथरे मोजते आणि जाते. काल मला वाटलं, निदान काम करताना तरी तो फोटो बाजूला ठेवावा. नखानं टेपचा एक कोपरा सोडवला. रिक्षाच्या कपाळावरचं त्याच्या आईचं नाव दिसलं आणि मी कोपरा परत दाबून बसवला. त्याला काढायची माझी हिंमत झाली नाही. तुमचीही होत नव्हती, एवढं काल कळलं.

एवढ्यावर मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका.